दुकानदार म्हणतो 'आय-सेव्हन आहे', पण कोणता? चार कोअरचे प्रोसेसर, त्यांची ताकद अन् लाईटचा हिशेब

सोयाबीनचा पैसा हातात आला की घरात एकेक मागणी निघते. यावर्षी किती तरी घरात कॉम्प्युटर निघाला असेल. पोरगं बारावीला आहे, पोरीला एमएस-सीआयटी करायची आहे, नाहीतर कोणी गावात सेवा केंद्र टाकायच्या विचारात आहे. मग मोबाईलवर जाहिरात दिसते, "आय-सेव्हन, क्वाड कोअर, नवा कोरा, एक वर्ष वॉरंटी". भाव पाहून माणूस गाडीला किक मारतो अन् थेट शहर गाठतो.

मीही असाच गेलो होतो. दुकानाचं नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही, कारण हा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो. कॅबिनेट नवं, मदरबोर्ड नवा, खोक्यात पॅक. घरी आणून चालू केला, काही दिवस बरा चालला. मग शेतातल्या गारपिटीचा मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ कापायला बसलो तर चित्र जागच्या जागी अडकायला लागलं. भाच्याने येऊन पाहिलं अन् विचारलं, "मामा, हा २६०० कधीचा आहे माहीत आहे का?" आय-सेव्हन खराच होता. पण तो २०११ साली बाजारात आलेला. मदरबोर्ड नवा बनवलेला, त्यावर बसवलेला प्रोसेसर मात्र कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला. दुकानदार खोटं काहीच बोलला नव्हता, फक्त अर्धं बोलला होता.

तेव्हापासून या विषयाच्या मागे लागलो. जे समजलं ते इथं एका जागी लिहून ठेवतो. घ्यायला जाण्याआधी वाचा, नाहीतर जाताना मोबाईलवर उघडून सोबत ठेवा.

चार कोअर म्हणजे काय

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, हे सगळे सांगतात. मला गड्यांचं उदाहरण जास्त पटतं. कोअर म्हणजे एक गडी. चार कोअर म्हणजे चार गडी. गिगाहर्ट्झ म्हणजे त्याचा हात किती भराभर चालतो ते. पण दोन गड्यांचा हात सारखाच भराभर चालला तरी एकजण एका फेऱ्यात मूठभर उपटतो अन् दुसरा कवळाभर. जुन्या अन् नव्या प्रोसेसरात हाच फरक आहे. ३.४ गिगाहर्ट्झचा २०११ चा अन् ३.३ गिगाहर्ट्झचा २०२२ चा, कागदावर जुनाच थोडा पुढे दिसतो. कामात नवा त्याच्या कितीतरी पुढे निघून जातो.

थ्रेड ही आणखी एक गोष्ट. इंटेलच्या बऱ्याच आय-सेव्हनमध्ये चार कोअर अन् आठ थ्रेड असतात. एका गड्याला दोन सऱ्या वाटून द्यायच्या, एका सरीत थांबावं लागलं की तो दुसरीत हात घालतो. त्यानं काम वाढतं, पण दुप्पट होत नाही. चार गड्यांचे आठ होत नाहीत.

अन् हेही लक्षात ठेवा की सगळंच काम वाटून देता येत नाही. सातबारा उघडणं, पीएम किसानचा फॉर्म, पीडीएफ छोटी करणं, ब्राउझरमधलं बहुतेक काम एका-दोन गड्यांवरच चालतं. व्हिडिओ बनवणं, मोठे फोटो एकदम शे-दोनशे छोटे करणं, मोठी फाईल झिप करणं, इथं चारही गडी कामाला लागतात. त्यामुळे आपलं काम कोणतं, हा प्रश्न आधी.

दोन कंपन्यांची दहा वर्षांची कुस्ती

डेस्कटॉपच्या प्रोसेसरात बाजार दोघांचाच, इंटेल अन् एएमडी. दोन्ही अमेरिकेच्या. पण या कुस्तीत एक माणूस आपल्या मातीशी नातं असलेला आहे. पेंटियमचा जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा, १९५० चा. इंटेलमध्ये त्यांनी पेंटियम घडवला, पुढं ते नेक्सजेन कंपनीत गेले, ती कंपनी एएमडीने घेतली अन् १९९७ ला एएमडीचा के-६ आला तो पेंटियमलाच टक्कर द्यायला. म्हणजे दोन्ही आखाड्यात उतरलेला पैलवान.

चार कोअरचे प्रोसेसर सर्वसामान्यांच्या टप्प्यात आले ते २००७ साली. इंटेलचा कोअर २ क्वाड क्यू६६०० त्या जानेवारीत आला तेव्हा ८५१ डॉलरचा होता, जुलैत तोच २६६ डॉलरवर आणला. २.४ गिगाहर्ट्झ, १०५ वॉट, नंतरची आवृत्ती ९५ वॉटची. हा खरं म्हणजे दोन-दोन कोअरचे दोन तुकडे एका पाटीवर बसवलेला होता. एएमडीने त्यावर बोट ठेवलं अन् नोव्हेंबर २००७ मध्ये चारही कोअर एकाच तुकड्यावर असलेला फेनोम आणला. कल्पना चांगली, पण पहिल्या खेपेत टीएलबी नावाची चूक निघाली. ती सांभाळायला जो उपाय केला त्यानं वेग घसरला. मार्च २००८ ला दुरुस्त माल आला, त्याचे नंबर ५० वर संपणारे, ९५५०, ९८५० असे. त्या फेरीत इंटेल जिंकलं.

त्याच नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा 'एका' हा महासंगणक जगाच्या यादीत चौथा आला. त्याच्यात इंटेलचे चार कोअरचे झिऑनच होते, सगळे कोअर मिळून चौदा हजारांवर. म्हणजे चार कोअर ही गोष्ट महाराष्ट्रात आली ती आधी अशा मोठ्या वाड्यात. आपल्या पडवीत यायला वेळ लागला.

२००८ च्या नोव्हेंबरात इंटेलचा आय७-९२० आला. २.६६ गिगाहर्ट्झ, आठ थ्रेड, पण १३० वॉट. ताकदीचा होता, खाणाराही तसाच. एएमडीने जानेवारी २००९ मध्ये फेनोम टू काढला अन् ऑगस्टमध्ये त्याचा वरचा मॉडेल ९६५ ब्लॅक एडिशन, ३.४ गिगाहर्ट्झ, २४५ डॉलर. पहिला ९६५ तब्बल १४० वॉटचा होता, काही महिन्यांनी १२५ वॉटचा आला. किमतीच्या मानाने फेनोम टू वाईट नव्हता. पण लाईटच्या मानाने तेव्हाही जड होता, आज तर विचारूच नका.

खरी पलटी झाली जानेवारी २०११ मध्ये. इंटेलचे दुसऱ्या पिढीचे आय७-२६०० अन् २६००के आले. ३.४ गिगाहर्ट्झ, ९५ वॉट. कमी वॉटमध्ये आय७-९२० च्या बरंच पुढे. हा प्रोसेसर इतका टिकला की आजही दुकानात फिरतो आहे, माझ्या घरातला त्यातलाच. एएमडीने त्याच वर्षी ऑक्टोबरात एफएक्स मालिका काढली, 'आठ कोअर' म्हणून. पण ते चार जोड्या होते. जोडीतल्या दोघांत दशांश गणिताचा भाग एकच, म्हणजे दोन गड्यांत एकच विळा. त्यावरून अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले अन् २०१९ मध्ये एएमडीने १ कोटी २१ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. त्यामुळे जुन्या बाजारात कोणी एफएक्स-८३५० आठ कोअरचा म्हणून दाखवला तर त्याला चार कोअरच्या रांगेत धरा. वर तो १२५ वॉटचा.

पुढची सहा वर्षं इंटेलला अडवणारं कोणी नव्हतं, अन् स्पर्धा नसली की काय होतं ते आपण कापसाच्या खेडा खरेदीत पाहतोच. वरचा डेस्कटॉप चार कोअरवरच अडकून राहिला. २०१४ चा आय७-४७९०के, ८८ वॉट. २०१५ चा आय७-६७००के, ९१ वॉट. जानेवारी २०१७ चा आय७-७७००के, ४.२ गिगाहर्ट्झ, ९१ वॉट, ३३९ डॉलर. दरवर्षी थोडी वाढ, भाव तोच.

मार्च २०१७ मध्ये एएमडीने रायझन आणला अन् एकदम आठ कोअर दिले. एप्रिलमध्ये चार कोअरचा रायझन ५ १५००एक्स आला, आठ थ्रेड अन् फक्त ६५ वॉट. इंटेलला जाग आली. त्याच ऑक्टोबरात त्यांचा आय-सेव्हन सहा कोअरचा झाला अन् चार कोअर घसरून आय-थ्रीत आले. म्हणजे कालचा पाटील आज घरगडी झाला. पण हा घरगडी कालच्या पाटलाहून ताकदवान निघाला, अन् आपल्या फायद्याची गोष्ट हीच आहे.

मे २०२० मध्ये एएमडीचा रायझन ३ ३३००एक्स आला, १२० डॉलर, ६५ वॉट, जवळपास ७७००के च्या तोडीस तोड. जानेवारी २०२२ मध्ये इंटेलचा आय३-१२१००. चार कोअर, आठ थ्रेड, मूळ ६० वॉट, जोर लावला की ८९ वॉटपर्यंत. हा ७७००के ला सरळ मागे टाकतो.

आकड्यात सांगायचं तर पासमार्क नावाची एक चाचणी आहे, तिचे गुण नेटवर कोणालाही पाहता येतात. मॉडेल नंबर टाकला की निघतात. गोळाबेरीज अशी की क्यू६६०० दोन हजारांच्या आत राहतो, आय७-२६०० साडेपाच हजारांच्या आसपास, आय७-७७००के साडेनऊ हजारांच्या आसपास अन् आय३-१२१०० तेरा-चौदा हजारांत. म्हणजे आजचा 'थ्री' त्या वेळच्या 'सेव्हन' ला दोनदा विकत घेईल. आय-थ्री, आय-फाईव्ह, आय-सेव्हन ही उतरंड फक्त एका पिढीच्या आत खरी. दोन पिढ्यांत ती लावली की आपण फसतो. मी फसलो तो इथंच.

वॉट लिहिलेला असतो एक, मीटर फिरतं दुसरं

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. प्रोसेसरवर ९५ वॉट, ६५ वॉट असं जे लिहितात त्याला टीडीपी म्हणतात. तो लाईट बिलाचा आकडा नाही. पंख्याने किती गरमी बाहेर काढता आली पाहिजे, त्याचा तो अंदाज आहे. ६५ वॉटच्या रायझनला बोर्ड ८८ वॉटपर्यंत ओढू देतो. इंटेलने तर बाराव्या पिढीपासून दोन आकडे वेगवेगळे छापायला सुरुवात केली, एक साधा अन् एक जोर लावतानाचा. त्यामुळे दोन कंपन्यांचे टीडीपी समोरासमोर ठेवून भांडण्यात अर्थ नाही.

दुसरी बाजू अशी की प्रोसेसर दिवसभर जोर लावतच नसतो. सेवा केंद्रात दहा तासांतले किती तरी तास साईट उघडायची वाट पाहण्यात जातात. तेव्हा मशीन नुसतं बसून असतं. बसल्या जागी किती खातं हा आकडा बिलासाठी जास्त महत्त्वाचा, अन् तोच जाहिरातीत नसतो.

मी प्लगमध्ये लावायचं छोटं वॉटमीटर आणलं. माझा २६०० नुसता चालू असताना, मॉनिटर सोडून, ५५ ते ६० वॉट दाखवतो. व्हिडिओ काढायला लावला की सव्वाशेच्या वर जातो. यात निव्वळ प्रोसेसरचा दोष नाही. एसएमपीएस लोकल आहे, तोही खातो. ८० प्लस असं लिहिलेल्या एसएमपीएसला २०, ५० अन् १०० टक्के भारावर निदान ८० टक्के वीज पुढं पोचवावी लागते. साध्या लोकलला असं कोणतंच बंधन नाही, उरलेली गरमी होऊन जाते. नव्या आय३-१२१०० सारखं मशीन, वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर, बसल्या जागी साधारण २० ते ३० वॉटमध्ये राहतं. उलट फेनोम टू किंवा आय७-९२० चं मशीन ग्राफिक कार्डासकट काही न करता शंभरीच्या घरात जाऊ शकतं. काहीच काम न करता, बरं का.

आता हिशेब मांडू. समजा दोन मशीनमध्ये सरासरी ४० वॉटचा फरक आहे. रोज १० तास म्हणजे ४०० वॉट-तास, म्हणजे ०.४ युनिट. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १२० युनिट. युनिटचा दर आपल्या बिलावर पाहून घ्या, दुकानाचं मीटर असेल तर घरगुतीपेक्षा जास्त लागतो. हिशेबाला १० रुपये धरले तर वर्षाला १,२०० रुपये. फेनोम किंवा एफएक्ससारखं मशीन असेल अन् फरक ७० वॉटचा निघाला तर २१० युनिट, २,१०० रुपये. पाच वर्षं चालवलं तर साडेदहा हजार. स्वस्तात घेतलेलं मशीन तिथं महाग पडतं.

पण घरी पोरगं रोज दोन तास बसत असेल तर तोच ४० वॉटचा फरक वर्षाला २४ युनिट, म्हणजे २४० रुपये. एवढ्यासाठी चालू असलेलं जुनं मशीन भंगारात काढू नका. लाईट वाचवायला म्हणून नवा घ्या असं सांगणाऱ्या दुकानदाराला हा हिशेब दाखवा.

व्हिडिओसारख्या जोराच्या कामात आणखी एक गंमत आहे. जास्त वॉट खाणारा नेहमी जास्त वीज खातोच असं नाही, कारण लवकर मोकळा होणाराही असतो. समजा जुन्या मशीनला १५० वॉट लागतात अन् काम ४० मिनिटं चालतं, तर १०० वॉट-तास गेले. नव्याला ९० वॉट लागतात अन् काम १५ मिनिटांत होतं, तर साडेबावीसच गेले. पाऊण तास मोटर चालवून अर्धं वावर भिजवणं अन् वीस मिनिटांत पूर्ण भिजवणं, असा तो फरक.

लाईट गेल्यावर खरी परीक्षा

बिलापेक्षाही मोठी गोष्ट आपल्याकडे वेगळी आहे. शहरातल्या माणसाला ती कळणार नाही. जुलैत पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली, दारात वीस माणसं उभी आहेत, साईट कशीबशी उघडली, निम्मा फॉर्म भरला अन् लाईट गेली. तेव्हा तुमच्या मशीनला किती वॉट लागतात यावर त्या माणसाचा फॉर्म जातो की राहतो ते ठरतं.

६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची एक बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॉट-तास. त्यातले निम्मे हाती लागले तरी खूप. मशीन अन् मॉनिटर मिळून १५० वॉट ओढत असतील तर पंधरा-सोळा मिनिटं. ७० वॉट ओढत असतील तर अर्ध्या तासाच्या वर. बॅटरी दोन उन्हाळे पाहिलेली असेल तर हे दोन्ही आकडे निम्मे करा.

इन्व्हर्टरला १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी असेल तर कागदावर १,८०० वॉट-तास. बॅटरी पूर्ण पिळू नये अन् रूपांतरातही जातं, म्हणून १,१०० धरा. केंद्रात दोन जुनी मशीन, प्रत्येकी १२० वॉट अन् दोन मॉनिटर २०-२० वॉटचे, म्हणजे २८० वॉट. साधारण चार तास. तीच मशीन ५० वॉटची असतील तर एकूण १४० वॉट अन् आठ तासांच्या जवळ. पंखा अन् राऊटर यात धरलेला नाही, अन् लेझर प्रिंटर तर इन्व्हर्टरवर लावूच नका.

ज्याला सेवा केंद्रच चालवायचं आहे त्याच्यासाठी एक सल्ला, जो दुकानात सहसा कोणी देत नाही. मॉडेल नंबरच्या शेवटी 'टी' असलेले इंटेलचे प्रोसेसर बहुतेक ३५ वॉटचे असतात. आय५-६५००टी, आय७-६७००टी असे. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेल्या वहीएवढ्या छोट्या डेस्कटॉपमध्ये ते मिळतात. जोराच्या कामात थोडे मंद, पण फॉर्म भरायला काही कमी नाही अन् यूपीएसवर तासभर बसतात. विंडोजची एक अडचण आहे त्यांना, ती खाली सांगतो.

घाटाखालचा उन्हाळा

बुलडाणा-चिखलीवाल्यांनी हा भाग भराभर वाचला तरी चालेल. पण मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर, म्हणजे घाटाखालच्या लोकांनी थांबून वाचा.

प्रोसेसरचा पंखा खोलीतल्या हवेनेच प्रोसेसर थंड करतो. त्याच्याकडे दुसरी हवा नाही. २५ अंशाच्या खोलीत जो प्रोसेसर ६५ अंशावर चालतो तो ४४ अंशाच्या टिनाखाली ८४ वर जातो, साधं गणित आहे. इंटेलचे अलीकडचे प्रोसेसर शंभरच्या आसपास पोचले की स्वतःच वेग कमी करतात. मशीन मे महिन्यात मंद झालं, व्हायरस असेल, फॉरमॅट मारा, असं म्हणून पैसे घेतले जातात, तेव्हा किती तरी वेळा रोग हा असतो.

एएमडीच्या जुन्या मालाचं तर अवघडच. फेनोम टू ९६५ साठी कंपनीने वरची मर्यादा ६२ अंश दिलेली आहे. खोलीच ४४ ची असेल तर हातात उरले १८ अंश, अन् प्रोसेसर १२५ वॉटची गरमी फेकणारा. मोजायची जागा दोघांची वेगळी असल्याने इंटेलचे आकडे याच्याशी सरळ लावू नका, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. घाटाखाली फेनोम अन् एफएक्स फुकट मिळाला तरी विचार करून घ्या.

खामगाव-मलकापूरकडे जिनिंगच्या आजूबाजूला कापसाचा फूल पंख्यात बसतो तो वेगळाच त्रास. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी अन् दिवाळीत, कॅबिनेट उघडून ब्रशने साफ करा. पंखा बोटाने धरून फुंका, मोकळा फिरू देऊ नका. जुना प्रोसेसर घेतला असेल तर त्याच्या डोक्यावरची थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते, ती एकदा बदला. पाच-दहा अंशांचा फरक पडू शकतो अन् खर्च अगदी थोडा.

विंडोजचं दार बंद झालं आहे

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती थांबवली. वाढीव एक वर्षाची सोय आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढं अन् एएमडीच्या साधारण रायझन २००० पासून पुढं. म्हणजे त्या काळचा राजा आय७-७७००के सुद्धा दाराबाहेर. वर सांगितलेला ६५००टी, ६७००टी हेही बाहेरच. दुकानदार जुगाड करून ११ टाकून देतात, चालतंही. पण ज्या मशीनवर गावाचे आधार नंबर, बँकेचं काम अन् डिजिटल सही आहे त्या मशीनवर जुगाड नको, असं माझं मत. पोराला टायपिंग शिकायला असेल तर चालवा, नाहीतर लिनक्स टाका, फुकट आहे.

माझ्या व्हिडिओचं कोडंही पिढीतच होतं. आजचे मोबाईल बऱ्याचदा एचईव्हीसी प्रकारात व्हिडिओ साठवतात. तो उलगडायची यंत्रणा इंटेलने प्रोसेसरातच दिली ती सहाव्या पिढीपासून. २६०० मध्ये ती नाही, मग चारही कोअर नुसते व्हिडिओ दाखवण्यात घाम गाळतात. मोबाईलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एच.२६४ केलं अन् अर्धा त्रास गेला. ज्या पत्रकार मित्रांकडे जुनं मशीन आहे त्यांनी हे आजच करून पाहा.

दुकानात उभं राहिल्यावर

आधी पूर्ण नंबर विचारा. 'आय-सेव्हन' हे आडनाव झालं, नाव सांगा म्हणा. इंटेलमध्ये आय७ च्या पुढे तीन आकडे असतील, ९२० सारखे, तर पहिली पिढी. चार आकडे असतील तर पहिला आकडा पिढीचा, २६०० म्हणजे दुसरी, ७७०० म्हणजे सातवी. पाच आकडे असतील तर पहिले दोन, १२१०० म्हणजे बारावी. मग मशीन चालू करायला लावा, कंट्रोल, शिफ्ट अन् एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्सवर गेलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव, कोअर अन् थ्रेड समोर येतात. चालू करून दाखवत नसेल तर गाडी वळवा.

नंबरच्या शेवटी 'एफ' असेल तर त्या इंटेलमध्ये चित्र दाखवायची सोय नाही, वेगळं ग्राफिक कार्ड लागेल, पैसाही वाढेल अन् वॉटही. रायझन ३ ३१००, ३३००एक्स, १५००एक्स यांचंही तसंच. एएमडीत 'जी' असलेला घ्या, जसा ३२००जी, चार कोअर, ६५ वॉट, ग्राफिक सोबत.

मदरबोर्डवर एच६१ लिहिलेलं दिसलं तर तो दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा जुना प्रोसेसर आहे, बोर्ड कितीही चकचकीत असू द्या. रॅम डीडीआर३ असेल तरी तेच समजा, चौथ्या पिढीच्या पुढं सहसा जात नाही. वॉरंटी प्रोसेसरवर कंपनीची आहे की दुकानाची, हे बिलावर लिहून घ्या.

अन् पैसा मर्यादित असेल तर प्रोसेसरवरून उतरा, पण एसएसडीवरून उतरू नका. हार्ड डिस्कवर चालणारा नवा प्रोसेसरही सकाळी उठायला दोन-चार मिनिटं घेतो. माझ्या २६०० ला एसएसडी लावली तर घरच्यांना वाटलं नवीन कॉम्प्युटर आणला. महिनाअखेरीस साईट फिरत राहते, तो सर्व्हरचा मामला आहे, त्याला आय-सेव्हन नाही की रायझन नाही, कोणाचाच इलाज नाही.

माझा २६०० अजून घरातच आहे. बातम्या त्यावरच टाईप होतात, ही सुद्धा. व्हिडिओ मात्र भाच्याच्या आय३-१२१०० वर होतात, अन् त्याच्या घरची लाईट गेली तर मोबाईलवरच.